डाव्या पायातली चप्पल: मेंदूतला टोक्सोप्लाझ्मा ओळखायचा कसा, उतरवायचा कसा

तो स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत आला. वय चौतीस. बरोबर मोठी बहीण. आणलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘नैराश्य? झोप नाही, काम सोडलं, असंबद्ध बोलतो.’ तीन आठवडे डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या होत्या, शेवटच्या आठवड्यात झोपेची गोळीही. दारापासून खुर्चीपर्यंत सहा-सात पावलं. तेवढ्यात दोनदा त्याच्या डाव्या पायातली चप्पल मागे राहिली. दुसऱ्या वेळी बहिणीनं ती उचलून पुन्हा त्याच्या पायाशी ठेवली, बोलणं न थांबवता, रोजची सवय असावी तशी.

“चप्पल कधीपासून निसटते, ताई?”

“पंधरा दिवस तरी झाले असतील, मॅडम. सैल झालीये ती.”

चप्पल सैल नव्हती. उजव्या पायातली जागच्या जागी होती.

दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. एचआयव्ही पॉझिटिव्ह, आणि हे त्याला त्या दिवशीच कळलं. सीडी-४, म्हणजे शरीराचा पहारा देणाऱ्या पेशी, ३८. एमआरआयमध्ये चार ठिकाणी कडी, म्हणजे कडेनं चमकणाऱ्या गाठी. पुढे जे लिहिते आहे ते मी राउंडवर निवासी डॉक्टरांना सांगते तेच आहे, फक्त जरा सलग. घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, मात्र औषधांचे आकडे औषध लिहिणाऱ्यासाठी आहेत. त्यावरून घरी गोळ्या कमी-जास्त करू नका.

जुना भाडेकरू

टोक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल आणि लुई मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना सशात. आकार धनुष्यासारखा बाकदार, म्हणून ‘टोक्सो’. त्याचं खरं घर मांजराच्या आतड्यात. तिथून विष्ठेवाटे बाहेर पडलेले ऊसिस्ट, म्हणजे त्याची अंड्यासारखी रूपं, मातीत, पाण्यात, भाजीवर जातात. दुसरी वाट कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाची.

धडधाकट माणसाला तो होतो आणि बहुतेकांना कळतही नाही. फार तर मानेत गाठी, चार दिवस कणकण. मग तो स्नायूंत आणि मेंदूत बारीक पुटी करून बसतो, तो कायमचा. भाडं न देणारा, आवाजही न करणारा भाडेकरू. पहारा देणाऱ्या पेशी संपल्या की पुटी फुटते आणि तो पुन्हा वाढायला लागतो.

म्हणजे प्रौढांमध्ये आपण पाहतो तो बहुतेक वेळा नवा संसर्ग नसतो, जुनाच जागा झालेला असतो. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या दोन गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. एक, ताज्या संसर्गाची खूण असलेली आयजीएम अँटिबॉडीची तपासणी इथे फारशी कामाची नाही, जुन्या संसर्गाची खूण असलेली आयजीजी बघायची. दोन, आपली औषधं वाढत्या परजीवीला मारतात, पुटीत बसलेल्याला नाही. म्हणून ‘कोर्स पूर्ण झाला, औषध बंद’ हे इथे चालत नाही.

संशय कधी घ्यायचा

सीडी-४ शंभराच्या खाली असेल तेव्हा. पन्नासच्या खाली तर सर्वांत जास्त. दोनशेच्या वर असेल तर आधी दुसऱ्या आजारांचा विचार करा. पण अडचण अशी की आपला सीडी-४ किती हे माहीत असलेला रुग्ण कमी भेटतो. माझ्या या रुग्णासारखे कित्येक जण एचआयव्हीचं निदान होण्याआधीच मेंदूची तक्रार घेऊन येतात. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत वाढत गेलेली डोकेदुखी, सोबत एका बाजूची कमजोरी किंवा वागण्यातला बदल, असं काही दिसलं की समुपदेशन करून, संमती घेऊन एचआयव्हीची चाचणी करायची. रुग्ण ‘तसा वाटतो’ की नाही, हा विचारच करायचा नाही.

ताप असतोच असं नाही. फिट येऊ शकते, आणि काहींत तीच पहिली तक्रार असते. कधी एका बाजूचा हात-पाय आपोआप झोकांड्या दिल्यासारखा उडतो. असा रुग्ण ‘अंगात येतं’ म्हणून भलतीकडेच फिरवून आणलेला असतो. तरुण माणसात एका अंगाची अशी हालचाल दिसली की मेंदूच्या खोल गाठींत, बेसल गँग्लियात, काहीतरी बसलंय असं समजून चाला.

रुग्णाला ‘कमजोरी आहे का’ असं विचारू नका. तो ‘आहे’ म्हणेल आणि तुम्ही टॉनिक लिहाल. हातातून पेला पडतो का, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का, चप्पल निसटते का, हे विचारा. आणि स्वभावातला बदल रुग्णाला नाही, घरच्यांना विचारा, तेही रुग्ण बाहेर असताना.

आणखी एक प्रश्न बऱ्याचदा राहून जातो: को-ट्रायमोक्साझोलची, म्हणजे ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा यांची, गोळी रोज चालू होती का? नियमित घेत असेल तर टोक्सोप्लाझ्माची शक्यता बरीच कमी होते. ‘चालू होती’ या उत्तरावर मात्र विश्वास टाकू नका, पाकीट मागा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.

पहिल्या दिवसाचा कागद

या आजारात निदान बहुतेक वेळा उपचारानं होतं. संशय पक्का असला की औषध सुरू करायचं आणि माणूस सुधारतो का ते बघायचं. सुधारला तर टोक्सोप्लाझ्मा, नाही तर दुसरं काही. म्हणजे औषध हीच चाचणी. पण चाचणीला सुरुवातीचा आकडा लागतो. आणि नेमका तोच केसपेपरवर नसतो. ‘डावी बाजू कमजोर’ एवढंच लिहिलेलं असतं. दहाव्या दिवशी चार डॉक्टर पलंगाभोवती उभे राहून ‘मला तर बरा वाटतो’, ‘मला नाही वाटत’ असा वाद घालतात.

म्हणून पहिला डोस देण्याआधी मी एक कोरा कागद घेते. वर तारीख, वेळ. रुग्णाला स्वतःचं नाव आणि एक वाक्य लिहायला सांगते, आणि वाक्य रोज तेच. मग उजव्या हातानं एक गोगलगाय, म्हणजे आतून बाहेर वाढत जाणारी वेटोळी रेघ, आणि डाव्या हातानं दुसरी. खाली मी लिहिते: डाव्या हाताची ताकद किती, डाव्या पायाची किती, पाचपैकी. टाचांवर उभं राहता येतं का. दहा पावलं चालायला किती सेकंद. शंभरातून सात-सात वजा करत कुठपर्यंत गेला. शुद्धीची पातळी. हा कागद केसपेपरच्या अगदी वर लावायचा आणि रोज त्याच वेळेला, शक्यतो त्याच माणसानं, नवा कागद करायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्याची पहिल्या दिवशीची डाव्या हाताची गोगलगाय माझ्याकडे अजून आहे. दोन वेटोळी कशीबशी झाली, तिसऱ्याला पेन सुटलं आणि रेघ कागदाच्या काठापर्यंत गेली. वजाबाकी त्र्याण्णववर थांबली. डोळ्यांच्या आतला पडदाही पाहा: सूज आहे का, आणि जमलं तर टोक्सोप्लाझ्माचे डाग आहेत का.

चित्र आणि रक्त

एमआरआय, आणि तोही कॉन्ट्रास्टसह. सीटी स्कॅन लवकर होतो म्हणून तो करून थांबू नका, लहान गाठी त्यात सुटतात. एमआरआय मिळायला वेळ लागणार असेल तर कॉन्ट्रास्टसह सीटी करा, पण त्यात एकच गाठ दिसली तर ‘एकच आहे’ असं लिहू नका. ‘सीटीवर एक दिसते’ एवढंच लिहा. या दोन वाक्यांतला फरक पुढे बायोप्सी करायची की नाही इथपर्यंत नेतो.

टोक्सोप्लाझ्माच्या गाठी सहसा एकापेक्षा जास्त, कडीसारख्या चमकणाऱ्या आणि भोवती सूज असलेल्या असतात. जागा ठरलेल्या: बेसल गँग्लिया, थॅलॅमस आणि करड्या-पांढऱ्या भागाची सीमा. कधी कडीच्या आत भिंतीला चिकटलेला एक ठिपका दिसतो. दिसला तर मोलाचा, पण तो नसलेलेच रुग्ण जास्त. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, बऱ्याचदा एकटा असतो, मेंदूच्या पोकळ्यांना लागून किंवा दोन अर्धांना जोडणाऱ्या पुलातून पलीकडे पसरलेला, आणि चार सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर संशय आणखी वाढतो. नुसत्या पांढऱ्या भागात डाग, सूज नाही, कडी नाही, दाब नाही, असं असेल तर जेसी विषाणूचा आजार, पीएमएल, मनात आणा. क्षयाची गाठ मात्र टोक्सोप्लाझ्माची हुबेहूब नक्कल करू शकते, म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठी बाकीचा शोध याच दिवशी सुरू करायचा.

रक्तात टोक्सोप्लाझ्मा आयजीजी. या रुग्णांत ती जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह असते. त्यामुळे तिचा खरा उपयोग उलटा आहे: निगेटिव्ह आली तर थबका. शक्यता शून्य होत नाही, पण इतकी घसरते की बाकीच्या शक्यता पुढे आणायला हव्यात. पॉझिटिव्ह आली म्हणून हुरळून जाण्यासारखं काही नाही. जगात अंदाजे तिघांतल्या एकाला ही लागण झालेली असते असं मानतात, त्या सगळ्यांची आयजीजी पॉझिटिव्हच येणार. याच रक्तात क्रिप्टोकॉकस या बुरशीचं अँटिजेन, रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, लाल पेशींतलं जी-६-पीडी हे विकर, आणि बाई असेल तर गरोदरपणाची चाचणी.

मणक्यातून पाणी काढायचं का? चित्रात दाब नसेल, मेंदू एका बाजूला सरकलेला नसेल, तरच. काढलंत तर टोक्सोप्लाझ्माचा पीसीआर पाठवा आणि ईबीव्हीचाही, म्हणजे लिम्फोमाशी जोडलेल्या एप्स्टाइन-बार विषाणूचा. टोक्सोप्लाझ्माचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर जवळपास शिक्कामोर्तब, कारण त्याची विशिष्टता ९६ ते १०० टक्के आहे. निगेटिव्ह आला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, संवेदनशीलता निम्म्याच्या आसपास. औषध सुरू झाल्यावर तीही घसरत जाते, म्हणून नमुना जमल्यास आधीच घ्या. पण अहवालासाठी औषध थांबवून ठेवू नका. हे वाक्य मी राउंडवर दोनदा म्हणते.

औषध

पहिल्या पसंतीची जोडी पायरीमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक ॲसिड. पायरीमेथामिन पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम एकदाच, म्हणजे २५ च्या आठ गोळ्या. सिस्टर फोन करून ‘आठच ना?’ असं विचारतील, विचारलंच पाहिजे, तेव्हा चिडू नका. दुसऱ्या दिवसापासून वजन ६० किलोपेक्षा कमी असेल तर रोज ५० मिलिग्रॅम, जास्त असेल तर ७५. सल्फाडायझिन दर सहा तासांनी, ६० किलोच्या खाली १ ग्रॅम, वर दीड ग्रॅम. फोलिनिक ॲसिड रोज १० ते २५ मिलिग्रॅम, रक्तपेशी उतरायला लागल्या तर ५० पर्यंत वाढवता येतं.

हे फोलिनिक ॲसिड आहे. फोलिक नाही. मधल्या एका ‘नि’नं मी एकदा दहा दिवस गमावले आहेत. दुसऱ्या वॉर्डातून आमच्याकडे आलेला रुग्ण, औषधं बरोबर वाटत होती, तरी हात जागचा हलेना आणि पांढऱ्या पेशी १,९०० वर आलेल्या. औषधांचा तक्ता ओळ न् ओळ वाचला तेव्हा कळलं, फोलिनिक शिल्लक नव्हतं म्हणून कुणीतरी फोलिकची गोळी लिहिली होती. ‘व्हिटॅमिनच आहे, तेच ते’ अशा समजुतीनं.

तेच ते नाही. परजीवी आपलं फोलेट स्वतः बनवतो. सल्फा त्या वाटेवरचं एक दार बंद करतं आणि पायरीमेथामिन पुढचं. पायरीमेथामिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलं, १९८८ चं नोबेल ज्यांना मिळालं तेच हे दोघे. पुढचं दार आपल्या मज्जेतल्या पेशींचंही थोडं बंद होतं, म्हणून पेशी घटतात. फोलिनिक ॲसिड आपल्या पेशींना त्या दाराच्या पलीकडे उतरवतं. परजीवीला ते उचलता येत नाही. फोलिक ॲसिड मात्र दाराच्या अलीकडचं. आपल्या पेशींना त्याचा इथे उपयोग नाही, वर औषधाची धार बोथट व्हायची भीती. तेव्हा तक्त्यावर ‘ल्युकोव्होरिन’ हे फोलिनिकचं दुसरं नाव लिहा, घोळच नको.

सल्फाडायझिनचे खडे लघवीत जमतात. रुग्ण गोंधळलेला असतो, त्याला तहान सांगता येत नाही, आणि घरचे ‘पीत नाही हो’ म्हणून सोडून देतात. दिवसाला किमान दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, तोंडावाटे जमत नसेल तर सलाईन. मी पलंगाशेजारी मापाचा जग ठेवायला लावते आणि बहिणीला सांगते, संध्याकाळपर्यंत दोनदा रिकामा झाला पाहिजे. लघवी कमी झाली, कंबर दुखायला लागली किंवा क्रिएटिनिन चढलं की आधी खड्यांचा विचार. रक्तपेशींची मोजणी दर आठवड्याला. अंगावर पुरळ बहुधा दुसऱ्या आठवड्यात उठतं. साधं असेल तर लक्ष ठेवून पुढे जाता येतं. तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलवटणं, यातलं काहीही असेल तर सल्फा तिथेच बंद.

सल्फा चालत नसेल तर पायरीमेथामिनसोबत क्लिंडामायसिन, ६०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. या जोडीनं न्युमोसिस्टिसपासून, म्हणजे फुफ्फुसात न्युमोनिया करणाऱ्या बुरशीपासून, संरक्षण मिळत नाही, त्यासाठी वेगळं औषध लागतं. हे विसरलं जातं.

पायरीमेथामिन नाहीच मिळालं तर वाट पाहत बसू नका. को-ट्रायमोक्साझोल पुरेसं चांगलं आहे, शिरेतूनही देता येतं, आणि गिळता न येणाऱ्या रुग्णात तर तेच सोयीचं. ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबानं किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ६० किलोच्या माणसाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. दुप्पट ताकदीच्या गोळीत १६० असतं, म्हणजे सकाळी दोन, रात्री दोन. यात पोटॅशियम चढतं, ते बघत राहायचं. खरं सांगायचं तर माझ्या रुग्णाला मी हेच दिलं, कारण त्या रात्री हेच हाताशी होतं.

स्टेरॉइडचा मोह

इथे माझीच चूक सांगते. एक बाई, वय एक्केचाळीस, एकच गाठ, भोवती बरीच सूज, पण शुद्ध उत्तम. टोक्सोप्लाझ्माचं औषध सुरू केलं आणि ‘असू दे सोबत’ म्हणून डेक्सामेथासोनही. पाचव्या दिवशी ती मुलाच्या परीक्षेचं वेळापत्रक घडाघडा सांगायला लागली. आम्ही खूश. औषध लागू पडलं, निदान झालं. तिसऱ्या आठवड्यात डेक्सामेथासोन उतरवलं आणि चार दिवसांत ती पुन्हा गप्प झाली. बायोप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी. स्टेरॉइड पूर्ण थांबवून, वाट बघून पुन्हा सुई घालावी लागली. लिम्फोमा होता. लिम्फोमा स्टेरॉइडनं वितळतो आणि सूज तर कशाचीही उतरते. मी चाचणी लावली होती आणि मीच तिच्यात पाणी घातलं होतं.

तेव्हापासून नियम असा: मेंदू सरकलाय, शुद्ध हरपतेय, जीव धोक्यात आहे, तरच स्टेरॉइड. दिलं तर कागदावर लाल पेनानं तारीख, आणि तिथून पुढची सुधारणा ‘औषधाची’ म्हणून मोजायची नाही. शक्य तितक्या लवकर उतरवायचं. आणि जिथे मातीतून स्ट्राँगिलॉइडिस होतो अशा भागात राहिलेल्या माणसाला स्टेरॉइड देताना त्या कृमीचाही विचार करा. स्टेरॉइडच्या जोरावर तो अंगभर पसरतो आणि आतड्यातले जंतू सोबत घेऊन मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो.

फिटच्या औषधाचंही थोडं तसंच. फिट आली असेल तर द्या, ‘येऊ नये म्हणून’ सरसकट नको. निवडताना लेव्हेटिरासेटामकडे वळा. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यकृताला इतकं कामाला लावतात की डॉल्युटेग्राव्हिरसारखी एचआयव्हीची औषधं रक्तात टिकत नाहीत.

तिसरा, सातवा, चौदावा

तिसऱ्या दिवशी घाई करायची नाही, पण कागद बघायचा. बिघडत तर नाही ना, एवढंच. सातव्या दिवशी बहुतेकांत काहीतरी सरकलेलं असतं. बऱ्या होणाऱ्या दहांपैकी नऊ जण चौदाव्या दिवसापर्यंत सुधारणा दाखवतात. म्हणून चौदावा दिवस हा निकालाचा. त्या दिवशी कागद जागचा हललेला नसेल, किंवा पहिल्याच आठवड्यात तब्येत खालावत चालली असेल, तर मेंदूच्या शल्यविशारदांना बोलावून स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी, म्हणजे स्कॅनवरून जागा नेमकी ठरवून सुईनं तुकडा घेणं. ‘अजून एक आठवडा बघू’ हे वाक्य लिम्फोमाच्या आणि क्षयाच्या रुग्णाला महागात पडतं.

काहींना चौदा दिवसही द्यायचे नाहीत. आयजीजी निगेटिव्ह, गाठ एकच, आणि पाण्यात ईबीव्ही सापडला, असं सगळं एका दिशेला बोट दाखवत असेल तर बायोप्सीची बोलणी पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

माणूस आधी सुधारतो, चित्र मागाहून. दोन-तीन आठवड्यांनी एमआरआय पुन्हा करायचा, गाठी आक्रसलेल्या दिसायला हव्यात, गायब नव्हे. माझ्या रुग्णाची गोगलगाय सहाव्या दिवशी तीन वेटोळी पूर्ण झाली. नवव्या दिवशी चार, जराशी चपटी. वजाबाकी पासष्टपर्यंत गेली आणि तिथे तो म्हणाला, “मॅडम, हे मला शाळेतही जमत नव्हतं.” बहीण तोंडावर पदर धरून हसली. चौदाव्या दिवशी डावा पाय पाचपैकी पाच नव्हता, पण टाचेवर उभा राहिला.

एचआयव्हीची औषधं साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरू करायची. त्याच्याआधी टोक्सोप्लाझ्माच्या औषधाला प्रतिसाद आलाय हे कागदावर दिसलेलं असलं की डोकं शांत राहतं, कारण प्रतिकारशक्ती परतताना क्वचित सूज पुन्हा भडकते, आणि मग कोणामुळे काय झालं हे कळेनासं होतं.

एचआयव्ही नसलेले

दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेले, हृदय बदललेले, लिम्फोमाची औषधं किंवा बराच काळ जास्त स्टेरॉइड घेणारे. यांच्याकडे सीडी-४ च्या आकड्यावर विसंबू नका. मज्जा प्रत्यारोपणात धोका आधीपासून आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्याला, आणि मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. हृदयाच्या बाबतीत उलटं: दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असेल तर पुटी हृदयाच्या स्नायूतूनच येते. प्रत्यारोपणानंतर अँटिबॉडीच्या तपासण्या दगा देतात, म्हणून रक्ताचा पीसीआर लागतो. आणि कडी बनवायलाही पेशी लागतात. त्या नसतील तर एमआरआयवर कडी फिकी दिसते किंवा दिसतच नाही. ‘रिंग नाही, म्हणजे टोक्सो नाही’ असं या रुग्णांत म्हणू नका. लॅटिन अमेरिकेत राहून आलेल्या माणसात चागास आजाराचा ट्रिपॅनोसोमाही मेंदूत असाच जागा होऊ शकतो.

घरी गेल्यावर

पूर्ण मात्रेचं औषध किमान सहा आठवडे. गाठी मोठ्या असतील किंवा प्रतिसाद अपुरा असेल तर त्याहून जास्त. मग कमी मात्रेवर: पायरीमेथामिन-सल्फाडायझिन-फोलिनिकची जोडी चालू असेल तर तीच उतरवून, नाही तर को-ट्रायमोक्साझोलची दुप्पट ताकदीची गोळी दिवसातून दोनदा. हे थांबवायचं केव्हा? एचआयव्हीची औषधं नीट चालू, काही तक्रार नाही, आणि सीडी-४ सहा महिन्यांहून जास्त काळ दोनशेच्या वर. त्याआधी ‘आता बरा आहे’ म्हणून थांबवलं की परतून येतो. परत आलेले मी पाहिले त्यांतल्या बहुतेकांच्या गोळ्या सुटल्या होत्या, औषध हरलं होतं असं क्वचितच.

ज्यांना अजून झालेलाच नाही, पण आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीडी-४ शंभराच्या खाली, त्यांना रोज को-ट्रायमोक्साझोलची दुप्पट ताकदीची एक गोळी. इतका साधा उपाय आहे. तो राहून गेला की वर लिहिलेलं सगळं करावं लागतं.

मांजराचं सगळे विचारतात. मांजर घालवायची गरज नाही. ऊसिस्ट विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून घाण रोजच्या रोज काढायची, आणि ती दुसऱ्या कुणी काढली तर उत्तम. मांजराला कच्चं मांस नको, माणसालाही नको. मातीत हात घालताना हातमोजे, भाजी धुऊन, हात धुऊन. आयजीजी आधीच पॉझिटिव्ह असलेल्याच्या मेंदूतला परजीवी कित्येक वर्षांपूर्वीचा असतो, त्याचा दोष घरातल्या आजच्या मांजरावर ढकलण्यात अर्थ नाही.

घरी सोडताना बहिणीला खुणा कागदावर लिहून दिल्या: डोकेदुखी परत वाढली, फिट आली, हातातून वस्तू पडायला लागल्या, बोलण्यात गोंधळ झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं. “आणि चप्पल,” ती म्हणाली. मी तेही लिहिलं.

सहाव्या महिन्यात तो तपासणीला आला तेव्हा पायात मागे पट्टा असलेली सँडल होती. नवी, चांगली. मी पट्टे काढायला लावले आणि त्याला दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं.